दुसऱ्या पाळीतली गाडी

पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एका तालुक्याच्या गावी मी एकोणतीस वर्षे पतसंस्थेत हिशेबनीस होतो. वाहनकर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जात. ट्रॅक्टर, दुचाकी, टेम्पो असे सगळेच. २००७-०८च्या सुमारास या अर्जांत एक नवा प्रकार दिसू लागला. ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी (खासगी)’ आणि ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात ‘जोडधंदा’. जोडधंदा म्हणजे कोंबड्या किंवा दोन म्हशी असे आम्ही समजत होतो. इथे मात्र तो पिकअप किंवा छोटा टेम्पो होता. अर्जदार चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा, वय पंचवीस ते पस्तीस, घरी दोन-अडीच एकर जमीन. गाडी कोण चालवणार, असे विचारले की उत्तर ठरलेले असे : ‘मीच. शिफ्ट सुटल्यावर.’

अर्जाला प्रकल्प अहवाल जोडावा लागतो. अर्जदाराला तो करता येत नसे, म्हणून मीच करून देत असे. त्यात ‘चालकाचा पगार’ नावाची एक ओळ होती. तिथे मी ‘निरंक’ लिहीत असे. गाडी स्वतः मालकच चालवणार, तर पगार कुणाला द्यायचा? एवढा साधा तो विचार होता. हा लेख त्या एका ओळीविषयी आहे. ती निरंक धरल्यामुळे काय काय घडते, हे समजून घ्यायला मला नोकरी सुटल्यावरची सहा वर्षे लागली.

आधी शब्दांचे पाहू. ‘मालक-चालक’ हा शब्द आपल्याकडे रिक्षा-टॅक्सीच्या संघटनांनी रुळवला. मालवाहतुकीत जुना शब्द आहे हुंडेकरी, म्हणजे ठोक भाडे ठरवून माल मुक्कामी पोहोचवण्याची हमी घेणारा. नगर जिल्ह्यात हे आडनावही आहे. हुंडेकऱ्याची स्वतःची गाडी असेच असे नाही. तो माल आणि गाडी यांची गाठ घालून देई आणि मधले पैसे ठेवी. गाडी जुंपणारा बहुधा शेतकरी असे. १८३०मध्ये बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी रस्ता खुला झाला आणि १८६३मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली. मधल्या काळात देशावरचा माल कोकणात उतरवण्याचे काम बैलगाड्यांनी केले. रेल्वे आल्यावरही स्टेशनापर्यंतची वाहतूक त्यांच्याकडेच राहिली. सुगी संपली की बैल दावणीला बांधलेले असत. बैल राबो वा न राबो, त्याला वैरण लागतेच. त्यामुळे वाटखर्चाच्या वर जे काही मिळेल ते शेतकऱ्याला नफाच वाटे. तेव्हा आजचा अर्धवेळ गाडीवान काही नवा अवतार नाही. नवे आहे ते एवढेच, की वैरणीच्या जागी आता दरमहा पाच तारखेला कापला जाणारा हप्ता आला आहे.

मधल्या शंभर वर्षांत मात्र हा अर्धवेळ गाडीवान जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याला गाडीची किंमत हे एक कारण. ट्रक ही पूर्णवेळ धंद्याचीच गोष्ट होती. १९८६मध्ये आलेली टाटा ४०७ तुलनेने लहान होती, पण पगारदार माणसाच्या आवाक्यात तीही नव्हती. खाली तीनचाकी टेम्पो होते, पण ते शहरातल्या शहरात ठीक. मे २००५मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ ही गाडी आणली आणि हे चित्र बदलले. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली ती पुण्यात घडली. दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, पाऊण टन माल, एकूण वजन १,५५० किलो आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले. चार चाकांमुळे ती राज्यमार्गावर जाऊ शकत होती आणि पगारातून साठवलेल्या पैशांत तिचे डाउन पेमेंट भागत होते. पुढे इतर कंपन्यांच्या पिकअप गाड्याही याच वाटेने गावोगावी पोचल्या.

कायद्यानेही ही वाट मोकळी ठेवली आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६नुसार ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल. अनेक पिकअप गाड्यांच्या माहितीपत्रकांत हा आकडा या रेषेच्या जवळपास का घुटमळतो, ते यावरून कळेल. परवान्याचा घोळ मात्र बरीच वर्षे चालला. मोटार चालवायच्या साध्या परवान्यावर पिवळ्या पाटीची छोटी मालगाडी चालवता येते का? विमा कंपन्या म्हणत, नाही. आणि अपघात झाला की याच मुद्द्यावर हात वर करत. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी ‘चालते’ असे सांगितले. त्यावर शंका घेतली गेली आणि प्रकरण पाच न्यायाधीशांपुढे गेले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी प्रकरणात त्या पीठाने तेच कायम केले : हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. अशा परवान्यांमुळे अपघात वाढतात, हे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे कुणी ठेवली नव्हती. निकालाने लाखो लोकांची रोजीरोटी वाचली हे खरेच. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. चाकणला पहिली पाळी करून आलेला माणूस घरच्या मोटारीच्या परवान्यावर संध्याकाळी भाड्याची गाडी काढू शकतो आणि त्यात काहीही बेकायदा नाही.

कारखान्याचा नियम आडवा येत नाही का? १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम ६० होते : एकाच दिवशी दोन कारखान्यांत कामगाराला राबू द्यायचे नाही. २०२०च्या संहितेतही दुहेरी कामावरचे हे बंधन घेतले आहे. पण पिकअप हा कारखाना नव्हे. सरकारी नोकराचे वेगळे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. म्हणून माझ्याकडे आलेल्या अशा अर्जांत गाडी नेहमी पत्नीच्या नावावर असे. त्याचा एक तोटा आहे. त्याकडे पुढे येतोच.

आता एक रात्र पाहू. हे वेळापत्रक मी एका कर्जदाराकडून तासातासाने लिहून घेतले आहे. तो मंचरजवळच्या गावात राहतो. सकाळी पावणेसहाला उठतो आणि सव्वासहाला कंपनीच्या बसला उभा राहतो. पाळी सात ते साडेतीन. सव्वाचारला घरी. पाच ते साडेसात तीन-चार शेतकऱ्यांच्या बांधावरून माल भरायचा. फ्लॉवरचे डाग, टोमॅटोचे कॅरेट, कोथिंबिरीच्या जुड्या, ज्याचा त्याचा माल खुणेने वेगळा. मग जेवण. साडेआठ ते साडेदहा झोप. साडेदहाला निघून साडेबाराला पुण्याचे मार्केट यार्ड, साठ-पासष्ट किलोमीटर. तिथे रांग, गाळ्यावर माल उतरवणे, हमाली, आडत्याकडून आदल्या खेपेच्या पट्ट्या गोळा करणे. हे सगळे सव्वादोनपर्यंत. चार वाजता घरी. सव्वाचार ते पावणेसहा पुन्हा झोप. गाडीसाठी गेलेले तास मोजले तर अडीच, दोन, पावणेदोन आणि पावणेदोन, म्हणजे बरोबर आठ. कारखान्यात साडेआठ, येण्याजाण्यात दीड तास. झोप साडेतीन तास, तीही दोन तुकड्यांत. महिन्यातून चौदा रात्री अशा.

या माणसाला मी बेजबाबदार म्हणू शकत नाही. गावातल्या शेतकऱ्यांना तो हवा असतो. मोठ्या गाडीला अर्धा टन मालासाठी बांधावर बोलावता येत नाही. तो घरापुढे येतो, पट्टी आणून देतो, पैसे बुडवत नाही. त्याची गरज खरी आहे आणि सेवाही खरी आहे. प्रश्न आहे तो तिच्या किमतीचा.

म्हणून हिशेब मांडतो. आकडे मी धरलेले आहेत. वाचकाने आपल्या भागातले घालून पाहावेत, पद्धत तीच राहील. गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख. दोन लाख स्वतःचे, आठ लाख कर्ज, ११ टक्के, साठ हप्ते. हप्ता १७,३९४ रुपये. विमा वर्षाला तीस हजार धरला तर महिना २,५००; यातला तृतीय-पक्ष विम्याचा भाग सरकार ठरवते आणि २०२२च्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो १६,०४९ रुपये आहे, कर वेगळा. एका खेपेला माल गोळा करण्यासह १५० किलोमीटर धरले तर चौदा खेपांचे २,१०० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर आणि ९० रुपये लिटर या हिशेबाने डिझेल १५,७५०. टायर, ऑइल, दुरुस्ती किलोमीटरला दोन रुपये, म्हणजे ४,२००. टोल, पार्किंग, चहा, किरकोळ २,०००. एकूण खर्च ४१,८४४. खेपेला ३,५०० रुपये भाडे जमले तर चौदा खेपांचे ४९,०००. हातात उरले ७,१५६ रुपये.

एकशे बारा तासांना ७,१५६. तासाला चौसष्ट रुपयेही नाहीत.

आता माझ्यातला हिशेबनीस म्हणेल, की थांबा, हप्त्यातले मुद्दल ही बचतच आहे, पाच वर्षांनी गाडी त्याची होणार. बरोबर. तेही धरू. साठ महिन्यांची शिल्लक ४,२९,३६०. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीला विकली तर पाच लाख. त्यातून सुरुवातीचे दोन लाख वजा. राहिले ७,२९,३६०. तास ६,७२०. म्हणजे तासाला १०८ रुपये. हे जरा बरे दिसते. पण यातले चाळीसएक रुपये गाडीच्या पत्र्यात अडकलेले आहेत. गाडी धड राहिली, बाजार चढा राहिला, तर ते पाच वर्षांनी सुटणार.

आता ती निरंक ओळ भरू. खेपेला सातशे रुपयांवर चालक ठेवला असे समजा. चौदा खेपांचे ९,८००. दरमहा २,६४४ रुपयांची तूट. पाच वर्षांचा एकत्रित हिशेब केला, गाडी विकून आलेले पैसे धरले, तरी दोन लाखांच्या भांडवलावर पाच वर्षांत मिळतात १,४१,३६०. एकदा इंजिनचे काम निघाले, एकदा पावसाळ्यात महिनाभर माल नसला, की तेही गेले. धंदा म्हणून पाहिले तर ही गाडी जेमतेम तरते. ती चालते, कारण चालकाला कुणी पैसे देत नाही.

आपल्याकडे हा वाद नवा नाही, आणि नेमका याच भागातला आहे. आज जिथे मोटारींचे कारखाने आहेत त्या चाकणला १९८०मध्ये कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले होते. शरद जोशींनी तेव्हापासून मांडलेल्या हिशेबाचा गाभा असा, की शेतकरी आणि त्याच्या घरची माणसे शेतात राबतात ती मजुरी उत्पादनखर्चात धरलीच पाहिजे. आज केंद्राचा कृषिमूल्य आयोग खर्चाचे जे प्रकार काढतो त्यात घरच्या माणसांची मजुरी वेगळी धरलेली असते. ती कमी धरतात, यावर भांडण आहे, पण ‘निरंक’ असे आता कुणी लिहीत नाही. त्याच शेतकऱ्याचा मुलगा त्याच शेतातला माल घेऊन रात्री निघतो, तेव्हा मात्र त्याच्या रात्रीचा हिशेब कुठल्याच कागदावर येत नाही. कलमे पाठ म्हणणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणाला हे सुचले नाही आणि मलाही वीस वर्षे सुचले नाही.

आयकर खात्याने मात्र गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहिले आहे. १९६१च्या कायद्याचे कलम ४४एई दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्यांसाठी होते. वह्या ठेवायच्या नसतील तर एकूण वजन १२,००० किलोपर्यंतच्या गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न धरा, त्यावरच्या गाडीला टनामागे १,००० रुपये. गाडी मालकीची आहे तेवढे महिने मोजायचे, ती धावली की दारात उभी राहिली हे विचारायचे नाही. वर्षाचे ९०,००० झाले. आपल्या मंचरच्या माणसाची वर्षाची शिल्लक ८५,८७२. आकडे किती जवळ आहेत पाहा. फरक असा, की कायद्याच्या लेखी हे पैसे गाडीने मिळवले आहेत.

तास मोजणारा कायदा आपल्याकडे नाही असे नाही. १९६१चा मोटार वाहतूक कामगार अधिनियम दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालत होता. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्या म्हणत होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूकदारांसाठी केलेला होता. ज्याच्याकडे एकच गाडी आणि कामगार शून्य, त्याच्यावर नियम कोण लावणार? मालकाने कामगाराला किती राबवावे, हे कायद्याने ठरवले. मालक आणि कामगार एकच माणूस असला तर कायदा गप्प बसतो. सप्टेंबर २०२१मध्ये नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, असे म्हटले होते. त्यांच्या मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. चालकाचा थकवा हेच त्यामागचे कारण. साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्या मात्र त्यातून वगळल्या आहेत, म्हणजे आपली पिकअप तिथेही बाहेरच.

या बाबतीत अमेरिकेचा नियम मला शिकण्यासारखा वाटतो. स्वतःच्या मालकीचा ट्रक स्वतः चालवणारे तिथे फार आहेत, आणि नोकरी सांभाळून तो धंदा सुरू करणारेही असतात. तिथल्या केंद्रीय नियमांप्रमाणे मालट्रकच्या चालकाला दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, तीही कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत. शिवाय सात दिवसांत साठ किंवा आठ दिवसांत सत्तर तासांची कमाल. नियमात ‘कामावरचा वेळ’ याची व्याख्या करताना वाहतुकीशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या मालकाकडे केलेले मोबदल्याचे कामही धरले आहे. म्हणजे दिवसभर गोदामात साडेआठ तास काम केले असेल तर ते तास ट्रकच्या नोंदवहीत आधी चढवायचे. उरतील तेवढेच गाडीसाठी. आपला गडी तिथे पहाटे चारला चाकाशी दिसला असता तर त्याचे चौदा तास कधीच संपलेले असते. युरोपीय संघाच्या नियमांतही दुसऱ्या मालकाकडचे काम ‘इतर काम’ म्हणून मोजले जाते, आणि तिथल्या कामाच्या तासांच्या निर्देशात स्वतःच्या गाडीवरचे चालक मार्च २००९पासून आले. मात्र हेही सांगितले पाहिजे, की अमेरिकेतला नियम साधारण साडेचार टनांच्या वरच्या गाड्यांना आहे. छोट्या गाडीचा मालक तिकडेही बव्हंशी निसटतो. त्यामुळे तिकडचे सगळे उचलून इकडे आणा, असे मी म्हणत नाही. एका गोष्टीवर त्यांनी बोट ठेवले आहे, ती अशी की शरीर एकच असते आणि दोन ठिकाणचे तास त्याच शरीरावर जमा होतात.

१९९७मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डॉसन आणि रीड या दोन संशोधकांचा छोटा निबंध आला होता. सतरा तास जागलेल्या माणसाची हातसफाई आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके उतरते, असे त्यांना आढळले. चोवीस तासांनी ते साधारण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला जाते. आपल्या कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. नाक्यावर पोलीस तोंडाशी नळी धरतात. जागरणाला नळी नाही. त्यातून मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराची घडी आपोआपच झोपेकडे कललेली असते, आणि परतीची रिकामी गाडी नेमकी त्याच वेळी रस्त्यावर असते.

ज्याचे वेळापत्रक वर दिले, तो नव्हे. त्याच्या आधीचा एक कर्जदार. त्याचाही प्रकल्प अहवाल मीच केला होता. परतीच्या वाटेवर पावणेचारच्या सुमारास त्याची रिकामी गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीवर थांबली. दुसरे कुणी मध्ये नव्हते. पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. तो कंत्राटी कामगार, पगार एकवीस हजारांच्या आत, म्हणून राज्य कामगार विमा होता. उपचार झाले, आजारपणाची रजा-रक्कमही काही आठवडे मिळाली. पण अपंगत्वाची भरपाई मिळायला इजा नोकरीच्या ओघात झालेली असावी लागते. २०१०च्या दुरुस्तीने घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही त्यात आला आहे. मार्केट यार्ड ते घर ही वाट त्यात बसत नाही. १९२३चा भरपाईचा कायदा मालकाने कामगाराला द्यायच्या भरपाईचा होता. इथे मालक तोच. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीत जावे, तर भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा असलेल्यांना तिथे प्रवेश नाही. एका कागदावर तो संघटित कामगार, दुसऱ्यावर मालक, आणि त्या रात्रीपुरता कुठल्याच कागदावर नाही.

‘मालक-चालक’ हे शब्द जोडीने छापलेले मला एकाच ठिकाणी सापडले : गाडीच्या विमापत्रात. मालक स्वतः चालवत असताना मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो. आधी तो दोन लाखांचा होता, २०१८च्या अखेरीस विमा नियामकाने तो पंधरा लाखांवर नेला. पण त्यासाठी नोंदणीपुस्तकावरचा मालक आणि चाकाशी बसलेला माणूस एकच हवा. गाडी पत्नीच्या नावावर असेल तर नवरा फक्त चालक ठरतो आणि हे पंधरा लाख त्याचे नसतात. वर म्हटलेला तोटा तो हाच. वेगळा वाढीव हप्ता भरून चालकाला विम्यात घेता येते, पण माझ्या टेबलावरून गेलेल्या पत्रांत तो भरलेला क्वचितच दिसला. आमच्या माणसाच्या बाबतीत गाडी त्याच्याच नावावर होती. पाय जुळला, अपंगत्व कायमचे धरले गेले नाही. कंत्राटदाराने पुन्हा कामावर घेतले नाही. हप्ते थकले. वसुलीच्या नोटिशीवर हिशेब माझ्या हातचा होता.

या सगळ्याचा आणखी एक बळी आहे, तो म्हणजे पूर्णवेळ गाडीवाला. आमच्या स्टँडवर अशी दहा-बारा माणसे आहेत. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही मागणी करत ती वर्षानुवर्षे थकली. भरण्या-उतरवण्याचा खर्च मालवाल्याने द्यावा, एवढेच तिचे म्हणणे. त्यांतल्या एकाने मला विचारले, ‘अण्णा, त्याचा हप्ता कंपनीच्या पगारातून जातो. तो अडीच हजारांत जाईल. मी कसा जाऊ?’ मला उत्तर देता आले नाही. बैलाच्या वैरणीचा न्याय इथेही लागू होतो. गाडी उभी ठेवण्यापेक्षा डिझेल सुटेल तेवढ्यात निघालेले बरे, असे प्रत्येकालाच वाटते. पण ज्याच्या घरात दुसरा पगार येतो तो त्या तळाशी जास्त दिवस टिकतो. भाजीची वाहतूक स्वस्त राहते, त्यातला काही भाग अशा रीतीने चाकणच्या पगारातून आणि झोपेतून भरलेला असतो. शहरात कोथिंबिरीची जुडी घेणाऱ्याला हे दिसण्याचे कारण नाही.

मग करू नये का? असे मी सांगू शकत नाही. ज्यांचे जमले अशीही नावे माझ्या खातेवहीत आहेत. त्यांच्यात मला तीन गोष्टी समान दिसल्या. गाडी जुनी घेतलेली, त्यामुळे हप्ता सहा-सात हजारांच्या पुढे गेला नाही. खेपा शनिवार-रविवारला बांधलेल्या, पाळीच्या आदल्या रात्री गाडी बाहेर नाही. आणि घरातला दुसरा परवानाधारक, बहुधा धाकटा भाऊ, आळीपाळीने चाकाशी. यांतल्या दोघांनी पाच वर्षांत नोकरी सोडून पूर्ण धंदाच धरला. बाकीचे अजून दोन्हीकडे आहेत आणि मजेत आहेत असे म्हणतात. उलट ज्यांनी नवी गाडी, मोठा हप्ता आणि रोजची रात्र असे तिन्ही एकदम घेतले, त्यांच्या फायली मला थकबाकीच्या कपाटात भेटल्या. मोजणी मी केलेली नाही, पण फायली हाताळणाऱ्याच्या बोटांना ते कळते.

गेल्या श्रावणात भावकीतला एक मुलगा घरी आला. चाकणला वेल्डर. मी निवृत्त असलो तरी अहवाल करून देतो, हे गावाला माहीत आहे. मी त्याला बसवून वरच्यासारखाच हिशेब मांडला आणि ‘चालकाचा पगार’ या ओळीत खेपेला सातशे रुपये लिहिले. खाली शिल्लक उणे आली. त्याने कागद दोनदा वाचला.

‘काका, पण चालवणार मीच आहे.’

‘म्हणूनच लिहिलंय. तुझेच आहेत ते सातशे.’

‘ते ठीक आहे. पण हे असं गेलं तर कर्ज बसणार नाही ना. तेवढी ओळ खोडा.’

मी खोडली नाही. म्हटले, जुनी गाडी बघ, हप्ता निम्म्यावर आण, मग हीच ओळ ठेवून शिल्लक अधिक येते, हे बघ. त्याने तोही कागद घेतला, चहा घेतला, पाया पडून गेला. गणपतीनंतर त्याच्या दारात नवी पिकअप उभी दिसली. पिवळी पाटी, पुढे लिंबू-मिरची, मागे आईचे नाव. अहवाल दुसऱ्या कुणी तरी करून दिला असणार. रात्री साडेदहाला ती माझ्या घरावरून जाते आणि चारच्या सुमारास परत येते. वयामुळे मला त्या वेळी जाग असते. तिचा आवाज आता ओळखीचा झाला आहे. ती वळणावरून आत आली की मी कूस बदलतो.